फूल कुठल्या काडीवर येतं?

जॅकमनी ही क्लेमॅटिसची वेल तीन मीटरपर्यंत चढते आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत गर्द जांभळ्या फुलांनी भरून जाते. इंग्लंडमधले माळी हीच वेल फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये जमिनीपासून जेमतेम ३० सेंटिमीटर ठेवून कापतात. तिकडे घर घेतलेल्या मराठी माणसाच्या वाट्याला अशी वेल आली, की सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवायला मन धजत नाही. काड्यांवर हिरवे डोळे फुगलेले दिसत असताना एवढी वाढ कापायची कशी? पण या वेलीचं खरं नुकसान होतं ते न छाटल्यामुळे.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे चटकन समजेल, कारण तो याच प्रश्नावर जगतो: फूल कुठल्या काडीवर, कधी तयार होतं? एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ज्या काड्या वाढतात, त्यांच्या डोळ्यांत घडाचा सूक्ष्म अंकुर धरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर तो बाहेर पडतो, इतकंच. म्हणून छाटणीआधी काड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घड कितव्या डोळ्यात आहे हे पाहतात. त्या डोळ्याखाली कात्री लागली, तर हंगाम हातचा गेला.

मोंटाना ही मे महिन्यात फुलणारी, मूळची हिमालयातली क्लेमॅटिस याच वळणाची आहे. तिच्या कळ्या आदल्या वर्षीच्या काडीवर धरलेल्या असतात. फेब्रुवारीत छाटली तर त्या वर्षी फुलं नाहीत. जॅकमनीचं गणित नेमकं उलटं. तिच्या जुन्या काडीत त्या हंगामाचं फूल दडलेलं नसतंच. वसंतात फुटलेला नवा कोंब आधी पेरामागून पेर वाढतो आणि पुरेसा लांब झाल्यावर वरच्या पेरांवर कळ्या धरतो. ती उशिरा फुलते ती यामुळे.

आता न छाटलेल्या वेलीकडे पाहा. वाढत्या शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. दरवर्षी नवी फूट जुन्या काडीच्या टोकाकडूनच निघते, फुलं डोक्याच्या वर जातात आणि खाली उरतो वाळक्या, उघड्या काड्यांचा गुंता. शेंडा कापला की ऑक्सिनचा धाक जातो आणि जमिनीलगतचे डोळे जागे होतात. त्यांना लागणारं अन्न आदल्या उन्हाळ्यात पानांनी बनवून मुळांत साठवलेलं असतं. क्लेमॅटिसला पानं समोरासमोर येतात, त्यामुळे डोळेही जोडीनं असतात. जोमदार जोडी निवडून तिच्या थोडं वर कापायचं. छाटणी शरदातच उरकू नये. मध्येच हवा उबदार झाली तर कोंब फुटतात आणि पुढच्या हिमतुषारात करपतात.

जॅकमनीला हा स्वभाव मिळाला तो दक्षिण युरोपातल्या विटिसेला या पूर्वजाकडून. सरे परगण्यातल्या वोकिंग इथल्या जॅकमन रोपवाटिकेत १८५८ साली चिनी लॅन्युजिनोसाशी विटिसेलाचा संकर केला गेला. चिनी बाजूनं फुलाचा मोठा आकार दिला, विटिसेलानं नव्या काडीवर फुलण्याची सवय. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती मुळात रंगीत निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं, असतात. या फुलांना पाकळ्या नसतात.

वेल चढते कशी, हे तर फारच सुंदर आहे. द्राक्षासारखे ताणे तिला नाहीत, पानाचा देठच ते काम करतो. चार्ल्स डार्विननं अशा देठांवर हलके दोरे अडकवून पाहिले आणि एवढ्याशा स्पर्शानंही देठ वळतात, हे १८६५ मध्ये प्रसिद्ध केलं. एकदा वेढा बसला की देठ जाड आणि कठीण होतो. पण वेढा घालणार तो देठ, त्यामुळे आधार बारीक हवा: तार, जाळी किंवा शेजारच्या झुडपाच्या काटक्या. जाड खांबावर ती निसटत राहते.

आपल्या सह्याद्रीतली मोरवेल क्लेमॅटिसच आहे. पावसाळा सरल्यावर झुडपांवर पसरलेली तिची पांढरट फुलं आणि पुढे फळांना येणाऱ्या पिसांसारख्या शेपट्या पाहा. या शेपट्यांच्या आधारानं बी वाऱ्यावर जातं. घाटात भटकणाऱ्यांनी ती एकदा हातात न घेता, नुसती नीट पाहावी. कुळातल्या बहुतेक वेलींचा रस कातडीला झोंबतो. जॅकमनी छाटतानाही हातमोजे घालावेतच.

लावताना रोप कुंडीतल्यापेक्षा पाच-सात सेंटिमीटर खोल बसवा. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसवर बुरशीनं मर रोग येतो आणि उभी वेल काही दिवसांत काळी पडते. मातीखाली डोळे असतील तर ती पुन्हा फुटू शकते. मुळाशी ओल टिकावी म्हणून पालापाचोळ्याचं किंवा कुजलेल्या शेणखताचं आच्छादन द्या, मात्र ते खोडाला भिडू देऊ नका.

जुन्या मालकाकडून आलेल्या वेलीचं नाव माहीत नसेल, तर पहिलं वर्ष फक्त वाट पाहा. एप्रिल-मेमध्ये फुलली, तर जी काही छाटणी करायची ती फुलं गेल्यावर लगेच. मे-जूनमध्ये मोठी फुलं देऊन पुढे पुन्हा थोडी फुलली, तर फेब्रुवारीत मेलेल्या काड्या काढून फक्त शेंडे हलके करा. आणि जुलै उजाडेपर्यंत एकही फूल दिसलं नाही, तर पुढच्या फेब्रुवारीत निःशंकपणे ३० सेंटिमीटरवर कापा.