घसरणारी नजर आणि 3,04,805 अक्षरं

मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेत 1947 साली सापडलेली यशया या हिब्रू बायबलमधल्या ग्रंथाची गुंडाळी 7.34 मीटर लांब आहे. चामड्याचे 17 तुकडे शिवून केलेली, 54 स्तंभांची, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. तिच्या 40व्या अध्यायात गवत सुकण्याचं आणि फूल कोमेजण्याचं वाक्य मुळात दोनदा येतं. नकल करणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्याच्या शेवटावर गेली आणि मधला मजकूर गळला. नंतर दुसऱ्याच कुणीतरी तो ओळींच्या फटीत आणि समासात दाटीवाटीने भरला.

नकलेतली ही सर्वात नेहमीची चूक. दुसरी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. हिब्रूतल्या 'दालेत'च्या कोपऱ्याला मागे बारीक टोक असतं, 'रेश'चा कोपरा गोल असतो, फरक एवढाच. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात ज्या लोकांचं नाव 'दोदानीम' आहे, तेच '1 इतिहास' या पुस्तकात 'रोदानीम' झाले आहेत.

तोरा म्हणजे हिब्रू बायबलची पहिली पाच पुस्तकं. तिच्या गुंडाळीचे नियम वाचताना या चुका डोळ्यांपुढे ठेवाव्यात, म्हणजे त्यांतले बरेचसे निव्वळ कर्मकांड वाटत नाहीत. पाठांतरावरून लिहायला बंदी आहे. समोर तपासलेली प्रत हवी आणि प्रत्येक शब्द तोंडाने उच्चारून मगच लिहायचा. दोन अक्षरं एकमेकांना चिकटलेली चालत नाहीत, प्रत्येकाभोवती कोरं चामडं दिसलंच पाहिजे. अक्षर नक्की कोणतं अशी शंका आली, तर अक्षरओळख असलेल्या, पण फार चलाख नसलेल्या लहान मुलाला विचारतात. मोठा माणूस संदर्भावरून अंदाज बांधतो. मूल जे दिसतं तेच सांगतं.

चर्मपत्रावर आधी बोथट टोकाने ओळी कोरतात आणि देवनागरीत असतं तशी अक्षरं ओळीखाली लटकवतात. शाई बहुधा मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ), हिराकस आणि बाभूळवर्गातल्या झाडाचा डिंक यांची. मायफळातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह एकत्र आलं की सुरुवातीला रंग फिका असतो, हवा लागल्यावर काळा होतो. हिराकस जास्त पडला तर शाईतलं आम्ल कालांतराने चामडं खातं. डिंक कमी पडला तर शाई नीट धरत नाही, जास्त झाला तर वाळल्यावर ठिसूळ होते आणि गुंडाळी उलगडताना पापुद्रे उडतात. एखाद्या 'योद' या सर्वात लहान अक्षराचा पाय उडाला तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचनासाठी बाद.

साधी चूक शाई वाळल्यावर पात्याने खरवडून सुधारता येते. देवाचं नाव मात्र खोडायचं नाही. तिथे चुकलं तर अख्खं पान काढून नवं शिवायचं. तोराच्या 3,04,805 अक्षरांच्या कामाला साधारण वर्षभर लागतं, त्यामुळे हा नियम किती महागात पडत असेल ते उघड आहे.

सातव्या ते दहाव्या शतकांत तिबेरियातल्या मासोरा पंडितांनी, म्हणजे बायबलचा पाठ जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी, वेगळीच तटबंदी उभारली: व्यंजनांनीच लिहिलेल्या मजकुराला स्वरचिन्हं दिली आणि कोणतं रूप किती वेळा येतं याच्या नोंदी समासात केल्या. सन 930च्या सुमाराची हिब्रू बायबलची अलेप्पो प्रत याच परंपरेतली. 1947च्या दंगलीनंतर तिची बरीच पानं गहाळ झाली. संपूर्ण उरलेली सर्वात जुनी प्रत म्हणजे सुमारे 1008 सालची लेनिनग्राड प्रत.

याहून जुन्या प्रती इतक्या कमी का? काही अंशी परंपरेमुळेच. जीर्ण गुंडाळी फेकायची नाही, ती 'गेनिझा' नावाच्या कोठडीत ठेवायची किंवा पुरायची. म्हणजे जी नकल सर्वात जास्त वापरली गेली, तीच मातीत गेली. कुमरानच्या शोधाने हजार वर्षांची पोकळी भरली, पण तिथल्या सगळ्या प्रती एकसारख्या नव्हत्या. यशयाच्या गुंडाळीतच शब्दलेखनाचे असंख्य फरक आहेत.

मृत समुद्राकाठच्या एन-गेदीच्या सिनेगॉगात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, 1970 साली सापडलेली गुंडाळी तर जळून कोळसा झाली होती, उलगडायला गेलं तर चुरा. केंटकी विद्यापीठाच्या ब्रेंट सील्स यांच्या गटाने 2015 मध्ये तिच्या सूक्ष्म क्ष-किरण स्कॅनवरून थर संगणकावर वेगळे करून सपाट केले. शाई चामड्यापेक्षा दाट असल्याने अक्षरं उजळ दिसली. मजकूर तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या सुरुवातीचा निघाला. कार्बन कालमापनाने गुंडाळी तिसऱ्या-चौथ्या शतकातली ठरली आणि वाचता आलेली व्यंजनं मध्ययुगीन मासोरा पाठाशी तंतोतंत जुळली, परिच्छेदांच्या मोकळ्या जागांसकट.