एअरबॅगचं मॉड्यूल गप्प का झालं?

यवतमाळ-वाशीमकडे सोयाबीन घरात आलं की त्यामागे उंदीर येतात, आणि पोत्यांशेजारी उभ्या गाडीच्या वायरीही कुरतडतात. मग एक दिवस चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा, तो विझतच नाही. गाडी पळतेय ना, म्हणून लोक तशीच चालवतात. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. तो दिवा पेटलेला असताना धडक बसली तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नसतो.

स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदलेले बिघाड वाचणारं यंत्र, लावला की अशा वेळी यू०१५१ हा बिघाडाचा कोड दिसू शकतो. इंजिन, ब्रेक, मीटर, एअरबॅग यांची मॉड्यूल, म्हणजे त्यांना चालवणारे छोटे संगणक, एकमेकांशी 'कॅन' नावाच्या, पीळ दिलेल्या दोन वायरींवरून बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये ही पद्धत मांडली. ग्रामसभेला कोण आलं नाही हे आलेल्यांनीच सांगावं, तसा हा कोड बाकीच्या मॉड्यूलमध्ये नोंदला जातो. एअरबॅगकडून निरोप येत नाही, एवढंच त्यातून कळतं. का येत नाही, ते शोधावं लागतं. म्हणून कोड बघताच 'मॉड्यूल गेलं' म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी थांबवा.

पहिल्यांदा बॅटरी बघावी. गाडी बरेच दिवस उभी असली तर स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि कोड नुसता मागे राहतो. चार्ज करून कोड पुसा. परत आला तरच पुढे जा.

बाकीची मॉड्यूल स्कॅनरला उत्तर देतात आणि एकटं एअरबॅगचंच देत नाही, तर कॅनची मुख्य लाइन बहुधा ठीक आहे. मग त्याचा फ्यूज, अर्थिंग आणि कपलर (वायरी जिथे जोडतात तो जोड) तपासावेत; कपलर पिवळा असेल तर नुसता डोळ्यांनी. हे मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, खाली फरशीवर असतं. पावसाळ्यात मॅटिंगखाली मुरलेलं पाणी तिथवर जातं आणि कपलरच्या पिना हिरव्या पडतात.

सगळीच गप्प असतील तर बॅटरीची वायर काढून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजावा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, त्यामुळे मीटरवर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा संबंध तुटला आहे. शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. अशा वेळी उंदरांनी सोललेली जागा शोधावी.

एअरबॅगच्या वायरींच्या पिवळ्या कपलरला मात्र हात लावायचा नाही, टेस्ट लॅम्प किंवा साधं मीटर तर नाहीच. थोड्याशा करंटनेही एअरबॅग फुटू शकते. बॅटरी काढल्यावरही कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेली मिनिटं थांबावं, कारण अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून मॉड्यूल थोडी वीज साठवून ठेवतं.

करंट, अर्थिंग, लाइन सगळं नीट असेल, तेव्हाच मॉड्यूल बदलायचा विचार करावा. भंगारातलं घेऊ नये. त्यात आधीच्या अपघाताची नोंद असू शकते, आणि तुमच्या गाडीत एअरबॅग किती, कुठे आहेत हे त्याला माहीत नसतं.