मनोजन्य कंड

त्वचेत किंवा शरीरात पुरेसे कारण न सापडता मानसिक ताणाच्या जोडीने उद्भवणारी वा बळावणारी खाज. इसब, सोरायसिस, अंगावर उठणाऱ्या गांधी यांची खाजही चिंतेने वाढते. तिला काही ग्रंथकार याच सदरात घेतात, पण निदानाच्या दृष्टीने ती वेगळी ठेवणे सोयीचे आहे. खाज सहा आठवड्यांहून अधिक टिकल्यास ती जुनाट समजतात.

खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना, ही सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० मध्ये केलेली कंडाची व्याख्या अद्याप प्रचारात आहे. मनाशी असलेल्या संबंधाचा पद्धतशीर विचार साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. १८७५ मध्ये इरॅस्मस विल्सन यांनी मज्जातंतूंच्या विकृतीतून होणाऱ्या ओरखड्यांचे वर्णन केले. लुई ब्रोक व ल्यूसियां जाके यांनी १८९१ मध्ये ‘न्यूरोडर्मायटिस’ (मज्जासंस्थेशी निगडित त्वचादाह) ही संज्ञा रूढ केली. खाज आधी आणि त्वचेचा जाडपणा खाजवल्यामुळे नंतर, हा त्यांचा क्रम आजही बहुतेकांना मान्य आहे.

खाजेच्या संवेदनेविषयीचा वाद मात्र दीर्घकाळ चालला. माक्स फोन फ्राय यांच्या मते (१९२२) खाज म्हणजे सौम्य वेदनाच होय; इतरांच्या मते खाजेचा तंत्रिकामार्ग वेदनेहून स्वतंत्र आहे. १९९७ मध्ये मार्टिन श्मेल्त्स व सहकाऱ्यांना मानवी त्वचेत हिस्टामीन या खाज आणणाऱ्या शरीरद्रव्याला प्रतिसाद देणारे, अतिशय मंद गतीने संदेश नेणारे तंत्रिकातंतू आढळले आणि या दुसऱ्या मताला बळ मिळाले. २००७ मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेशी निगडित ग्राही (पेशीवरील संदेश टिपणारा रेणू) सापडला. तथापि मार्ग एकच नाही: खाजकुइलीच्या कुसांनी सुटणारी खाज मुख्यतः हिस्टामीनवाचून, वेगळ्या तंतूंवाटे जाते. हिस्टामीनरोधक गोळ्या सर्व प्रकारच्या खाजेवर का लागू पडत नाहीत, याचा काही उलगडा यातून होतो.

ताणात स्रवणारी काही संप्रेरके व तंत्रिकाद्रव्ये त्वचेतील हिस्टामीन सोडणाऱ्या मास्ट पेशींना उत्तेजित करू शकतात. शिवाय चिंतेमुळे लक्ष त्वचेकडे लागून राहते. यांतील पहिल्या कारणाचा पुरावा पुष्कळसा प्राण्यांवरील व प्रयोगशाळेतील आहे. खाजेविषयी नुसते बोलल्याने किंवा दुसऱ्याला खाजवताना पाहिल्यानेही खाज सुटते, हे पाहता दुसऱ्या कारणाचे वजन अधिक वाटते. खाजवल्याने क्षणभर बरे वाटते, पण त्यातून उत्पन्न होणाऱ्या वेदनेला आवर घालण्यासाठी मेंदू सोडत असलेले सेरोटोनिन हे तंत्रिकाद्रव्य खाज आणखी वाढवते, असे २०१४ मध्ये उंदरांवर दिसून आले. खाजवा आणि पुन्हा खाज, हे चक्र असे चालू राहते.

फ्रेंच मनस्त्वचारोग गटाने २००७ मध्ये सुचवलेल्या निकषांत शारीरिक कारणाचा अभाव अनिवार्य आहे. त्याखेरीज आयुष्यातील घटनांशी कालसंबंध, ताणानुसार चढउतार, रात्री किंवा रिकामपणी जोर अशा सात लक्षणांपैकी तीन असावी लागतात. कारण सापडले नाही एवढ्यावरून खाज मानसिक ठरवण्याच्या सवयीला या अटीने चाप बसतो. पाठीच्या मध्यभागी, जेथे हात पोहोचत नाही तेथे, त्वचा स्वच्छ राहणे हे खाजवण्यानेच व्रण झाल्याचे गमक असले, तरी ते मूळ कारण सांगत नाही.

निदानापूर्वी खरूज (घरातील इतरांनाही खाज असल्यास विशेषतः), कोरडी त्वचा, औषधांचे परिणाम, यकृत, मूत्रपिंड व अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे विकार आणि लोहाची कमतरता तपासावी लागते. कावीळ, वजन घटणे किंवा रात्री घाम फुटणे अशी लक्षणे असतील, तर विलंब करू नये.

उपायांत नखे कापणे, मलम लावून त्वचा मऊ ठेवणे, थंड ओली पट्टी हे सर्वपरिचित आहेत. १९७३ मध्ये अझ्रिन व नन यांनी मांडलेली सवयपालट पद्धती पुढे खाजवण्यासाठीही वापरली गेली. तीत हात वळण्याआधीची खूण ओळखून मूठ घट्ट धरणे यासारखी पर्यायी कृती करतात. रोजच्या चिंतेसाठी थॉमस बोर्कोव्हेक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दिवसातून अर्धा तास एका ठरावीक जागी बसून चिंता करावी व इतर वेळी ती त्या ठरलेल्या वेळेपर्यंत पुढे ढकलावी, असे सुचवले. सांगायला विचित्र, पण करायला सोपा असा हा उपाय आहे. खाजेवर त्याचा थेट परिणाम फारसा तपासलेला नाही. स्नायू शिथिल करण्याचा सराव व बोधनात्मक वर्तनोपचार (विचार व वागणूक बदलण्याची मानसोपचार पद्धती) यांना अधिक आधार आहे. झोप आणणारे हिस्टामीनरोधक किंवा नैराश्यरोधक औषध केवळ वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे.