मुंबई महानगर प्रदेश : पर्यटन

मुंबई महानगर प्रदेश : महाराष्ट्राच्या उत्तर कोकण किनाऱ्यावरील नागरी प्रदेश. मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे आणि ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांचे काही भाग मिळून तो बनतो. क्षेत्रफळ सुमारे ६,३२८ चौ. किमी. त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मिरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महानगरपालिका आहेत. प्रदेशाच्या नियोजनासाठी १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस सह्याद्रीचा पायथा, आणि मधला मुलूख वसई, ठाणे, पनवेल व धरमतर या खाड्यांनी आत आत कापलेला.

बाहेरगावचा पाहुणा बहुधा गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक आणि जुहू चौपाटी उरकून ‘मुंबई झाली’ म्हणतो. त्यात वाईट काही नाही, पण या प्रदेशाकडे यावे याचे खरे कारण त्या यादीत सापडत नाही. ते खाड्यांत आहे. गेल्या दोन हजार वर्षांत सोपारा, कल्याण, ठाणे, जवळचे चौल, वसई आणि शेवटी मुंबई अशी बंदरे इथे एकामागून एक भरभराटीस आली. एकात गाळ भरला, दुसरे लढाईत पडले, तिसऱ्याचा व्यापार शेजाऱ्याने पळवला. बंदर हलले, माणसे मात्र तिथेच राहिली. म्हणून इथली विविधता एका रस्त्यावरच्या गर्दीत शोधण्यापेक्षा ज्या त्या जुन्या बंदराच्या काठाने शोधावी. लोकलच्या तिकिटात ती बरीचशी बघून होते.

जुनी बंदरे

नालासोपारा हे नाव आज लोकलच्या गर्दीशी जोडलेले आहे. पण हेच प्राचीन शूर्पारक. स्थानिक लोक ज्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत, तिथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन केले आणि आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपात सापडलेली अवशेषमंजूषा आणि कांस्यमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोपाऱ्याला सापडलेल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवले आहेत. स्तूपाभोवती आता इमारतींचा वेढा आहे आणि बघायला येणारे थोडेच. इथे भव्य काही मिळेल या अपेक्षेने जाऊ नये.

वसईचे तसे नाही. १५३४ च्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि खाडीच्या मुखाशी त्यांनी तटबंदीच्या आत अख्खे शहर वसवले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने ते घेतले. मोहिमेतल्या विजयाच्या खुणा दूरवर पोचल्या: नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा वसईहून आलेली, तर भिवंडी तालुक्यातले किल्लेवजा वज्रेश्वरी मंदिर चिमाजी आप्पांच्या नवसाचे. किल्ल्यात आज छप्पर नसलेली चर्चे, वर चढत गेलेली वडापिंपळाची मुळे आणि जमिनीत बसवलेले कोरीव थडग्याचे दगड आहेत. सगळे शांतपणे फिरायला अर्धा दिवस हवा.

पण वसईत किल्ल्यापेक्षा माणसे बघावीत असे आमचे मत. इथले सामवेदी, वाडवळ व कोळी ख्रिस्ती समाज पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, भाषा मात्र मराठीच्या बोली राहिल्या. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासनाविधी, मराठीत होते. याच समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. बाजारच्या दिवशी लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या भाजी, फुले आणि मिळाली तर सुकेळी घेऊन बसतात. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेला मेवा. रंगाने तांबूस, चवीला खजुराच्या जवळपास जाणारा. करणारी घरे कमी झाली आहेत, तेव्हा दिसली की घ्यावीत.

कल्याणच्या पुढे अंबरनाथला शिलाहारांचे शिवमंदिर आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे भूमिज शैलीचे देऊळ वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. नदीची आजची अवस्था पाहवत नाही. देवळाच्या बाह्यभिंतीवरचे शिल्पकाम मात्र तासभर पाहिले तरी पुरत नाही. शेजारचे उल्हासनगर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिले. अंबरनाथची फेरी तिथल्या डाळ-पकवानाच्या नाश्त्याने सुरू करावी.

प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आरमार पाठवून विरोध केला, पण काम काही थांबले नाही. सिद्दीने लगोलग शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून २०२५ मध्ये जागतिक वारसायादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत खांदेरी आहे.

घारापुरी आणि कान्हेरी

गेटवेहून लाँचने तासाभरावर असलेली घारापुरीची शैव लेणी साधारण सहाव्या शतकातली. जागतिक वारसायादीत १९८७ पासून. मुख्य लेण्याच्या दक्षिण भिंतीतला सुमारे ६ मीटर उंचीचा, तीन चेहऱ्यांचा सदाशिव पाहायला लोक येतात आणि फोटो काढून दोन मिनिटांत वळतात. थोडे थांबावे. मधला चेहरा डोळे मिटून स्वतःत बुडालेला, एका बाजूचा अघोर भुवया ताणून रागावलेला, तर दुसऱ्या बाजूचा वामदेव स्त्रीसुलभ, हातात कमळ घेतलेला. उजेड फक्त बाजूंनी येतो, त्यामुळे दिवसाच्या वेळेप्रमाणे यातला एकेक चेहरा पुढे येतो. बेटाला ज्याच्यावरून परकीयांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले तो दगडी हत्ती आता भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही बेटावरची तीन गावे. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना तिथे समुद्राखालच्या तारेने कायमची वीज पोचायला २०१८ उजाडले. सोमवारी लेणी बंद असतात.

कान्हेरी मात्र घारापुरीपेक्षा कमी पाहिली जाते, आणि हा अन्याय आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, एकाच डोंगरावर शंभराहून अधिक बौद्ध लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून हजारभर वर्षे वस्तीत असलेली. सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख भिंतींवर आहेत. इथे बघायचे ते पाणी. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशी खडकात खोदलेली पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आहे, आणि उतारावर बोटभर खोल पन्हळी कोरून पावसाचे पाणी तिच्यात वळवले आहे. जुलैत गेले की ही सगळी व्यवस्था चालू स्थितीत दिसते. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावे तिथे कोरून ठेवली. प्रेक्षणीय स्थळी नाव कोरण्याची खोड तेवढी जुनी आहे, फक्त आता ती दंडनीय आहे.

सुमारे १०४ चौ. किमी.च्या या उद्यानात बिबट्यांचा वावर आहे. उद्यानातल्या आणि शेजारच्या आरेतल्या पाड्यांवर वारली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि वाघोबाला पुजतात. बिबट्या दिसावा म्हणून रात्रीबेरात्री हिंडण्याचे धाडस कोणी करू नये.

काठावरचे लोक

कोळी हे इथले मूळचे. वरळी, माहीम, वेसावे, मढ, उत्तन, अर्नाळा अशी कोळीवाड्यांची माळ किनाऱ्याने आहे. पावसाळा सरल्यावर उत्तनला किंवा अर्नाळ्याला गेल्यास वाळवणावरचे बोंबील पाहावेत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी आडव्या दांडीवर टांगतात. गाठ नाही, आकडा नाही. बायकांचे हात हे काम बोलता बोलता करतात. वास सोसवत नसेल त्याने वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ सालचा. तिथला लिलाव पहाटे सुरू होतो आणि उन्हे चढेपर्यंत आटोपतो. म्हावऱ्याच्या पाट्यांची ने-आण चालू असताना वाटेत उभे राहणाऱ्या पाहुण्याला खास कोळी भाषेत हटकले जाते, ते मनावर घेऊ नये.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत समुद्राला नारळ देतात. सप्टेंबरच्या ८ तारखेनंतरच्या रविवारपासून वांद्र्याला मोतमाउलीची (मेरीमातेची) जत्रा भरते, आणि मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. माहीमला मखदूम फकीह अली माहिमी यांचा दर्गा आहे. त्यांच्या उरुसात पहिल्या संदलचा (कबरीला चंदन वाहण्याचा) मान मुंबई पोलिसांचा. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट समुद्रातून असल्याने भरतीला पाण्याखाली जाई, म्हणून वेळ बघून निघण्याची सवय भाविकांना आहे. दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लाखो लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करायला येतात. त्या दिवशी शिवाजी पार्कात पुस्तकांची जी विक्री होते, तीही पाहण्यासारखी असते.

बेने इस्रायल या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अलिबागजवळ नौगावला त्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी परंपरा सांगते. कोकणात तेल गाळणे हा त्यांचा धंदा होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. बहुतेक जण इस्रायलला गेले, तिथेही घरात मराठी टिकवून. मांडवीतले ‘शआर हारहमीम’ हे त्यांचे मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ चे. काळा घोड्याजवळचे निळे ‘केनेसेथ एलियाहू’ मात्र बगदादी ज्यूंचे, १८८४ चे. शुभकार्याला बेने इस्रायल घरांत मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गोडासाठी गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, वर फळे, आणि एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने हिब्रू प्रार्थना. पोह्यांवर हिब्रू प्रार्थना म्हणणारा समाज कोकणाखेरीज कुठे घडला असता?

शहर

गोथिक आणि आर्ट डेको मुंबईवर भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बांधलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (१८७८–८८) २००४ मध्ये, तर ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या असलेल्या गोथिक व आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसायादीत आल्या. मैदानाच्या मधोमध उभे राहून दोन्हीकडे पाहिले की एकोणिसावे शतक एका हाताला आणि विसावे दुसऱ्या हाताला येते. वाळकेश्वरचे बाणगंगा तळे, गिरगावची खोताची वाडी आणि गणपतीच्या दिवसांतले लालबाग-परळ हे तीन मुक्काम चुकवू नयेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. चाळींमधली गणेशोत्सवाची मंडळे अजून आहेत.

खाण्याच्या बाबतीत वडापावचा उल्लेख करायला हवा, नाहीतर वाचक रुसतील. दादर परिसरात १९६० च्या दशकात तो गाडीवर आला आणि गिरणी कामगाराचे पोट भागवू लागला. इराण्याकडचा ब्रून-मस्का (कडक पाव आणि लोणी), माटुंग्याची उडुपी खानावळ, रमजानात मोहम्मद अली रोड, ठाण्याची झणझणीत मिसळ आणि आगाशीचे भुजिंग (कोळशावर भाजलेल्या कोंबडीत पोहे परतून केलेले) हे ज्याने त्याने जिभेप्रमाणे ठरवावे. समुद्रात पोहायला यायचे असेल तर मात्र या प्रदेशाच्या वाटेला जाऊ नये. पाणी गढूळ, पावसाळ्यात धोक्याचे. त्यासाठी कोकणात खाली उतरावे.

खाडीवर नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्षी हजारोंच्या संख्येने उतरतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून बोटी सुटतात, पण भरती-ओहोटीच्या हिशेबाने. ठरलेली वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी.

केव्हा व कसे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ फिरायला बरा. जून ते सप्टेंबर पाऊस धो धो असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने ससून डॉकवर जाण्यात अर्थ नाही, पण कान्हेरी आणि माथेरान याच दिवसांत खुलतात. माथेरानला मोटारींना बंदी आहे. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची, तिची नेरळपासूनची फेरी पावसाळ्यात बंद असते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ३४ किमी. अंतर पहिली आगगाडी धावली, आणि आजही फिरण्याचे मुख्य साधन लोकलच आहे. सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांत नवख्याने चढू नये. उलट दिशेने गेल्यास बसायलाही मिळते. रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची वेळ) पाहून निघावे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीही नेणारी रो-रो बोट जाते, मार्वेहून मनोरीला आणि वेसाव्याहून मढला छोट्या फेरी बोटी आहेत. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किमी.चा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्यावर दुचाकी आणि रिक्षांना परवानगी नाही.