‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत

बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळांत आम्हाला शिकवलं, आजही मुलं पाठ करतात: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं म्हणजे ‘न्यूज’. हे खरं नाही, आणि मुलांना खरं सांगायलाच हवं.

शब्द आला ‘न्यू’वरून. न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, मुळात अनेकवचनच. फ्रेंचमधला बातमीसाठीचा शब्द ‘नुव्हेल’ही तसाच घडला. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘न्यूज’ इंग्रजीत आहे, आद्याक्षरांचे शब्द करायची सवय मात्र बहुतांशी विसाव्या शतकातली. शिवाय जुनं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही होतं. मग तो दुसरा ‘ई’ कुठल्या दिशेचा?

निपाणीच्या स्टँडवर ओळखीचं कुणी भेटलं की आपण विचारतो, ‘काय नवीन?’ न्यूजचं मूळ नेमकं तेच.