सांचिनची मूठ आधी उघडी होती

गोजू र्‍यू या कराते शैलीवाल्याने पहिल्यांदा चीनच्या फुजियान प्रांतातल्या व्हाइट क्रेन या युद्धकलेचा सानझान हा फॉर्म शिकायला घेतला की त्याची पंचाईत अनोळखी गोष्टींनी होत नाही, ओळखीच्या गोष्टींनीच होते. माझं तरी तसंच झालं. उभं राहायची पद्धत आमच्या सांचिन या काताचीच (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम), कोपरं बरगडीला तशीच लावलेली, आणि नाव तर चिनी लिपीत लिहिलं तर सांचिन आणि सानझान एकच, अर्थ तीन लढाया. पण हात उघडे! आणि आमचा तो घशातून घासत काढलेला मोठ्ठा श्वास, तो मला शिकवलेल्या प्रकारात नव्हताच. मूठ सोड, शिकवणारे म्हणाले, पण इतक्या वर्षांची सवय, सुटतेय कुठे.

तर हे असं का, ते बघायला कराते जिथून आलं त्या ओकिनावा बेटावर जावं लागतं. पूर्वी ते जपान नव्हतं, र्‍यूक्यू नावाचं वेगळं राज्य होतं आणि चीनच्या बादशहाला नजराणे पाठवायचं. 1392 पासून फुजियानमधली काही चिनी कुटुंबं ओकिनावातल्या नाहा शहराजवळच्या कुमे गावात येऊन राहिली होती, आणि तिकडे फुझौ शहरात र्‍यूक्यूच्या लोकांना उतरायला खास जागा होती. म्हणजे ये-जा शेकडो वर्षांची. हातापायांची कला पण त्याच जहाजांतून आली असणार, तिला नावच तोदे होतं, तोदे म्हणजे तांगचा हात, थोडक्यात चिनी हात, आणि त्याच लिपीचा दुसरा उच्चार कराते.

या वाटेने गेलेला आमच्या लाइनीतला मोठा माणूस म्हणजे हिगाओन्ना कानर्‍यो, जन्म 1853, नाहाचा. फुझौला जाऊन र्‍यू र्‍यू को नावाच्या गुरूकडे शिकला आणि परत येऊन नाहात शिकवायला लागला. हा र्‍यू र्‍यू को नक्की कोण यावर लोक अजून भांडतात, भांडू देत. हिगाओन्नाची सांचिन आधी उघड्या हातांची होती आणि श्वासही कमी आवाजाचा होता, मूठ पुढे त्याचा शिष्य आणि आमच्या शैलीचा संस्थापक मियागी चोजुनच्या सांचिनमध्ये पक्की झाली, असं बहुतेक जुने लोक सांगतात.

हे खरं वाटायला एक साक्षीदार पण आहे. उएची कानबुन, जन्म 1877, हा 1897 ला फुझौला गेला, सैन्यभरती टाळायची हेही एक कारण होतं म्हणतात, आणि 1910 ला परतला. शिकला तो पांगाइनून, म्हणजे अर्धं कडक अर्धं मऊ. त्याच्या उएची र्‍यूमध्ये सांचिन आजही उघड्या हातांनीच करतात! एकाच शहरातून एकच नाव दोघांनी आणलं, एका घरात मूठ वळली, दुसऱ्या घरात नाही. मला तर हा सगळ्यात भारी पुरावा वाटतो.

मियागी स्वतः 1915 मध्ये फुझौला गेला, गुरूच्या गुरूचा माग काढायला. फारसं काही हाती लागलं नाही. पण नाहातच गो केन्की नावाचा फुजियानचा चहाचा व्यापारी होता, व्हाइट क्रेन येणारा, त्याच्याशी मियागीचं चांगलं जमलं. पुढे मियागीने तेन्शो काता बसवला तो पुन्हा उघड्या, गोल फिरणाऱ्या हातांचा. म्हणजे मूठ वळवणाऱ्या माणसानेच नंतर हात उघडला, गंमत आहे. गोजू हे नावही बुबिशी नावाच्या चिनी हस्तलिखितातल्या एका ओळीवरून घेतलंय, कडक आणि मऊ.

कातांच्या नावांतही चीन लपलेला आहे. सेइसान 13, सेइपाइ 18, सानसेरू 36, सुपारिनपेइ 108, हे सगळे आकडे आहेत आणि उच्चार साधे जपानी नाहीत, तिकडच्या चिनी बोलीतले. 108 म्हटल्यावर आपल्याला लगेच जपमाळेचे मणी आठवतात, आणि बौद्धांकडेही त्या आकड्याला मान आहेच.

मग हे सगळं क्लासमध्ये कुणी सांगत का नाही? कारण नावंच बदलली. ओकिनावाचा कराते शिक्षक फुनाकोशी गिचिन 1922 ला टोकियोला गेला, तिथे पुढे कातांची चिनी वाटणारी नावं बदलली, कुशांकूचा कांकू झाला, वान्शूचा एंपी. चीनशी जपानचं वाकडं होतं, चिनी हात म्हणून कोण शिकणार. 25 ऑक्टोबर 1936 ला नाहात जाणत्या लोकांची मीटिंग झाली, मियागी पण होता, आणि चिनी हातऐवजी रिकामा हात हीच लिपी पक्की करायचं ठरलं. उच्चार तोच, कराते. पुढच्याच वर्षी चीन-जपान युद्ध पेटलं.

मी अजून घरी सानझान करतो, दार लावून. खांदे खाली राहतात, मनगट मोकळं होतं, आणि सांचिनमध्ये हात आत का ओढायचा ते जरा जरा कळतं. क्लासमध्ये मात्र मूठच वळतो, पुढच्या महिन्यात ग्रेडिंग आहे.