शिशाची विषबाधा, बालकांतील

शिसे या जड धातूचा अंश शरीरात साचून लहान मुलांच्या मेंदूवर, रक्तावर आणि वाढीवर होणारा दुष्परिणाम. सर्वाधिक धोका सहा वर्षांखालील मुलांना व गर्भाला असतो. शरीराला शिशाचा काहीही उपयोग नाही. त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळी आजवर आढळलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. त्यातून ते रांगते असेल, तर जमिनीवरची धूळ हाताला लागते आणि हात तोंडात जातो. जुन्या लाकडी खिडकीची उघडझाप होताना शिसेयुक्त तैलरंगाचे पापुद्रे घासले जातात व त्यांची भुकटी खाली साचते. दिसायला ती घरातली साधी धूळच असते. पेशींना शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. त्यामुळे ते मेंदूत शिरते, हाडांत वर्षानुवर्षे मुरते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून वारेतून बाळापर्यंत पोहोचते. लोहाची कमतरता असल्यास शोषण आणखी वाढते. म्हणून रक्तक्षय असलेल्या कुपोषित मुलांना हे विष अधिक बाधते.

लक्षणे बहुधा दिसतच नाहीत. पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड यांवरून कोणी शिशाचा संशय घेत नाही. मात्रा फार वाढल्यास झटके येतात, मृत्यूही ओढवतो. नायजेरियातील झामफारा राज्यात 2010 मध्ये सोन्याचे शिसेयुक्त खनिज वस्तीतच दळले जात होते. तेथे चारशेहून अधिक मुले दगावली. कमी मात्रेची हानी मात्र गाजावाजा न करता होते. अमेरिकन वैद्य हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासून 1979 मध्ये दाखवले, की ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्या मुलांचा बुद्ध्यांक व एकाग्रता कमी होती. वरवर ही मुले निरोगी होती.

युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 मध्ये बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर 2016 च्या नियमांनी 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घातली. जुन्या बॅटऱ्या फोडून वस्तीतच शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या मात्र अजून चालतात. काही सुरम्यांत शिशाचे सल्फाइड असते, तर हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून क्वचित लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या संयुगाची भेसळ होते.

निदान रक्ततपासणीनेच होते, पण आपल्याकडे बालकांची अशी सरसकट तपासणी होत नाही, ही मोठी उणीव आहे. मात्रा फार असल्यास शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे देतात. त्यांनी जीव वाचतो, मात्र मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. त्यामुळे स्रोत शोधून दूर करणे हाच मुख्य उपाय. फरशी व खिडक्या ओल्या फडक्याने पुसणे, जेवणाआधी मुलांचे हात धुणे, लोह व कॅल्शियमयुक्त आहार देणे आणि बॅटरीचे काम करणाऱ्यांनी कपडे बदलूनच मुलाला उचलून घेणे, यांमुळे धोका बराच घटतो.